पडद्यावरची लेगो-वीट: काय करावे, काय टाळावे

लेगोच्या विटा संगणकावर रचायला एक पैसा लागत नाही. स्टुडिओ, लिओकॅड, एलडीकॅड हे तिन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. आपल्याकडच्या दुकानांत लेगोच्या खोक्यांवरच्या किमती वाचल्या की ही सोय केवढी मोठी आहे ते कळते. पडद्यावर लाल विटा संपत नाहीत आणि सोफ्याखालीही जात नाहीत. तरी शिकणारा बहुतेक वेळा एकाच जागी अडतो: तुकडा दिसतो तिथे नसतो आणि हवा तिथे जात नाही. हातातली वीट चुकीच्या जागी बसतच नाही, बोटांना लगेच कळते. पडद्यावरची वीट कुठेही राहते, अगदी हवेतसुद्धा. बोटांचे ते काम इथे आकड्यांकडून करून घ्यायचे असते. म्हणून ही यादी आकड्यांभोवती फिरते. रंग, प्रकाश, झकास चित्र वगैरे नंतर बघू.

आधी प्रोग्रॅम

करा: नवखे असाल तर स्टुडिओपासून सुरुवात करा. विटांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिकलिंकचा हा प्रोग्रॅम. २०१९ मध्ये लेगो कंपनीने ब्रिकलिंकच विकत घेतले. यात तुकडा जवळ नेला की तो स्टडला, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्याला, आपसूक चिकटतो आणि दुसऱ्या तुकड्यात घुसला तर इशारा मिळतो.

टाळा: ‘लेगो डिजिटल डिझायनर’साठी लिहिलेले जुने धडे. तो प्रोग्रॅम कंपनीने २०२२ मध्ये गुंडाळला. त्यातल्या कळा आणि बटणे पाठ करून आज काही उपयोग नाही.

करा: थोडा हात बसला की लिओकॅड किंवा एलडीकॅडही उघडून बघा. तुकड्याची जागा तिथे आकड्यांत समोर दिसते आणि ते आकडे हाताने बदलता येतात. स्टुडिओचे आपसूक चिकटणे सुखाचे असले तरी त्यात कशामुळे काय बसले ते कळत नाही. ते कळण्यासाठी आकडे बघावेच लागतात.

या सगळ्यांच्या मुळाशी एलड्रॉ आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने १९९५ मध्ये तो डॉसवर चालणारा प्रोग्रॅम म्हणून लिहिला. १९९७ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, तो गेला. त्याने आखलेली फाइलची पद्धत मात्र टिकली. तुकड्यांचा संग्रह जगभरचे हौशी लोक आजही वाढवत असतात, आणि वर सांगितलेले तिन्ही प्रोग्रॅम ती फाइल वाचतात. म्हणून पुढची मापे एकदा शिकली की प्रोग्रॅम बदलला तरी तीच राहतात.

मापे पाठ करा, पाढ्यांसारखी

करा: एलड्रॉचे एकक, म्हणजे एलडीयू, अंगवळणी पाडा. १ एलडीयू म्हणजे ०.४ मिलिमीटर. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, म्हणजे २० एलडीयू. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे २४. प्लेटची, म्हणजे चपट्या विटेची, उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे ८. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर, म्हणजे १२. एवढ्या चार आकड्यांवर निम्मे काम भागते.

टाळा: विटेला घन समजणे. एका स्टडची वीट २० रुंद आणि २४ उंच असते. हा ४ एलडीयूंचा फरक डोळ्याला जाणवत नाही. पण वीट आडवी केली की तोच आडवा येतो. ‘सगळे बरोबर केले, तरी फट राहते’ या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा हेच चार एलडीयू असतात.

करा: दोन समीकरणे लक्षात ठेवा. पाच प्लेटांची उंची म्हणजे दोन स्टडांची रुंदी (४० एलडीयू). पाच विटांची उंची म्हणजे सहा स्टडांची रुंदी (१२० एलडीयू). उभे आणि आडवे बांधकाम नेमके जुळते ते अशाच ठिकाणी. बाकी ठिकाणी काही ना काही उरते किंवा कमी पडते, आणि ते कशाने भरायचे हे तुम्हीच ठरवायचे असते.

टाळा: मिलिमीटरमध्ये हिशोब करून ‘सुमारे’ आकडा टाकणे. एलडीयूत सगळे पूर्णांकात येते. साध्या उभ्या-आडव्या रचनेत तुकड्याच्या जागेत १९.९७ असा आकडा दिसला, तर तो तुकडा हलला आहे असे समजा आणि लगेच २० करा. असे बारीक फरक साचत गेले की दहाव्या मजल्यावर भिंत भिंतीला भेटत नाही.

तुकडा कुठून मोजला जातो

हे एकदा नीट समजले की पुढचे बरेच सोपे होते, म्हणून इथे जरा थांबू.

एलड्रॉच्या फाइलमध्ये एका तुकड्याची एक ओळ असते. दोन बाय चारच्या लाल विटेची ओळ अशी:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डीएटी

पहिला १ म्हणजे ‘इथे एक तुकडा आहे’. ४ हा लाल रंग. पुढचे तीन आकडे जागा सांगतात: एक्स, वाय, झेड. त्यानंतरचे नऊ आकडे तुकडा कसा फिरवला आहे ते सांगतात. शेवटी तुकड्याचा क्रमांक. ३००१ ही दोन बाय चारची वीट.

आता गंमत अशी की वाय वरच्या दिशेला उणा होत जातो. आणि साध्या विटेची किंवा प्लेटची शून्यजागा तिच्या तळाशी नसून वरच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, स्टडांच्या पायथ्याशी असते. एखादी वीट शून्यावर असेल, तर तिच्यावर दुसरी वीट ठेवताना वाय उणे २४ होतो. विटेऐवजी प्लेट ठेवली तर उणे ८. पण त्या विटेखाली काहीही लावायचे असले, वीट असो की प्लेट, वाय अधिक २४च येतो.

करा: वर ठेवताना नव्या तुकड्याची उंची मोजा, खाली लावताना आधीच्या तुकड्याची. नियम एवढाच. तो न कळल्यामुळे लोक तासन्‌तास तुकडे वर-खाली सरकवत बसतात.

करा: सम आणि विषम वेगळे ओळखा. दोन बाय चारच्या विटेची शून्यजागा चार स्टडांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. एक बाय एकच्या विटेची (३००५) थेट तिच्या स्टडखाली. म्हणून ३००१चे स्टड लांबीत १० आणि ३० वर, रुंदीत १० वर, दोन्ही बाजूंना असे येतात. तिच्या कोपऱ्यातल्या स्टडवर ३००५ बसवायची तर एक्स ३०, वाय उणे २४, झेड १० असे आकडे हवेत. ४० घातले तर ती अर्धी बाहेर लटकते. एकदा कागदावर चौकटी काढून हे करून बघा, पाच मिनिटांत डोक्यात बसते.

टाळा: सगळ्या तुकड्यांची शून्यजागा अशीच असेल असे गृहीत धरणे. चाके, पिना, माणसांचे हात यांची जागा वेगळी ठरवलेली असते. असा तुकडा पहिल्यांदा वापरताना तो रिकाम्या फाइलमध्ये शून्यावर ठेवून बघावा.

टाळा: लिओकॅड आणि फाइल यांची गल्लत. लिओकॅडच्या पडद्यावर वरची दिशा झेड असते, एलड्रॉच्या फाइलमध्ये उणा वाय. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कुठे उभे आहोत याचे भान ठेवायचे.

फिरवताना

करा: आधी फिरवा, मग बसवा. तुकडा हातात, म्हणजे माउसच्या टोकाशी, असतानाच त्याची दिशा ठरवून घ्या. बसवल्यावर फिरवला तर तो आपल्या शून्यजागेभोवती फिरतो आणि ती जागा तुमच्या मनातल्या कोपऱ्यात क्वचितच असते.

दोन बाय चारची वीट काटकोनात फिरवली तरी तिचे स्टड जाळीवरच राहतात, कारण दोन्ही मापे सम आहेत. दोन बाय तीनची (३००२) फिरवली की स्टड अर्ध्याने सरकतात, कारण एक माप सम, एक विषम. मग ती दोन्ही दिशांना १० एलडीयूंनी सरकवावी लागते. एक बाय तीन किंवा तीन बाय तीन, म्हणजे दोन्ही विषम, असेल तर पुन्हा काही अडचण नाही. ‘फिरवल्यावर बिघडले’ असे वाटले की आधी तुकड्याची मापे बघा, प्रोग्रॅमला शिव्या नंतर घाला.

टाळा: फिरवण्याच्या नऊ आकड्यांत हाताने लुडबुड. एका दिशेचे चिन्ह उलटे केले की तुकड्याचे आरशातले रूप तयार होते. साध्या विटेत फरक दिसत नाही, पण तिरक्या कडेच्या प्लेटचा डावा आणि उजवा तुकडा हे कारखान्यात वेगवेगळे निघतात आणि त्यांचे क्रमांकही वेगळे असतात: चार बाय दोनमध्ये उजवा ४१७६९, डावा ४१७७०. आरशातला उजवा तुकडा डावा दिसेल, यादीत मात्र उजवा म्हणूनच मोजला जाईल. मागवल्यावर कळेल. एखाद्या तुकड्याची सममिती शंकास्पद असेल तर संग्रहातून त्याचा जोडीदारच उचला.

डोळ्यावर विसंबू नका

टाळा: एकाच बाजूने बघून तुकडा सोडणे. पडदा सपाट असतो. पुढच्या रांगेतला स्टड आणि त्यामागे दूर असलेला स्टड एकाच ठिकाणी दिसू शकतात, आणि प्रोग्रॅम त्यातला आपल्याला नको असलेला पकडतो, हे ठरलेलेच.

करा: प्रत्येक तुकडा ठेवल्यावर दृश्य जरा फिरवून बघा. स्टुडिओत माउसचे उजवे बटण दाबून धरले की दृश्य फिरते. ही सवय हाताला लागली पाहिजे, विचार करून नव्हे.

करा: मध्ये येणारे तुकडे लपवा. भिंतीमागे बिजागर बसवायचे तर भिंत लपवून बसवा, मग परत आणा. लपवलेले परत आणायला विसरू नका एवढेच.

करा: सरळ रांग जुळली का हे तपासताना दूरचे लहान न दिसणारे, समांतर रेषांचे दृश्य मिळत असेल तर ते वापरा.

चिकटणे आणि जाळी

करा: साध्या रचनेत आपसूक चिकटणे चालूच ठेवा. बंद करण्याचे कारण सापडेपर्यंत बंद करू नका.

करा: जाळी मोठीच ठेवा. आडवे १० आणि उभे ८ एलडीयू एवढ्या पावलांत बहुतेक सगळे काम होते: १० म्हणजे अर्धा स्टड, ८ म्हणजे एक प्लेट.

टाळा: तुकडा बसत नाही म्हणून जाळी एकदम बारीक करून त्याला ढकलत ढकलत ‘बसल्यासारखा’ करणे. तो बसत नाही, याला बहुधा कारण असते. अर्ध्या स्टडाने सरकवायचे असेल तर त्यासाठी खरा तुकडा आहे: जंपर, म्हणजे मधोमध एकच स्टड असलेली एक बाय दोनची प्लेट. तो घाला, आणि चिकटणे आपले काम करेल. बारीक जाळी लागते ती तिरक्या जोडण्यांत, दोऱ्या-नळ्यांत आणि काही आडव्या रचनांत. काम झाले की पुन्हा मोठी करा.

आडवे स्टड: खरी परीक्षा

स्टड वर नसून बाजूला आहेत, अशा रचनेला हौशी लोक ‘स्नॉट’ म्हणतात. गाड्यांचे पुढचे दिवे, इमारतींचे नक्षीदार दर्शनी भाग, गुळगुळीत कडा सगळे याच्यावर चालते. आणि तुकड्यांची जागा चुकते तीही सगळ्यात जास्त इथेच.

समजा, बाजूला एक स्टड असलेली एक बाय एकची वीट (८७०८७) घेतली आणि तिच्या बाजूच्या स्टडवर प्लेटा चढवत बाहेर निघालो. शेजारचा एक स्टड रुंदीचा खण भरून काढायचा आहे. खण २० एलडीयूंचा, प्लेट ८ची. दोन प्लेटांनी १६ भरले, ४ उरले. तीन प्लेटा लावल्या तर २४, म्हणजे ४ बाहेर आले. अडीच प्लेटा हव्यात आणि अर्धी प्लेट दुकानात मिळत नाही.

करा: ती अर्धी प्लेट ब्रॅकेटकडून घ्या. काटकोनात वळलेल्या या तुकड्याची उभी बाजू बरोबर ४ एलडीयू जाड असते. ब्रॅकेटची ४ आणि दोन प्लेटांचे १६ मिळून २०. खण भरला. दुसरा मार्ग ‘हेडलाइट’ विटेचा (४०७०). तिचा बाजूचा स्टड ४ एलडीयू आत खोल बसवलेला असतो, त्यामुळे तिच्यावरची पहिली प्लेट विटेच्या कडेपुढे फक्त अर्धी येते. फट दिसली की आधी ‘४ कुठून आणू’ हा प्रश्न विचारायचा.

आता उंचीकडे. ८७०८७च्या बाजूच्या स्टडचा मध्य विटेच्या वरच्या पृष्ठभागापासून १० एलडीयू खाली असतो. त्यावर आडवी लावलेली एक बाय एकची प्लेट वरच्या कडेशी सपाट जुळते आणि खाली ४ एलडीयूंची फट राहते. नवखा माणूस अशा दोन विटा एकावर एक रचतो आणि दोन्ही स्टडांवर मिळून एक बाय दोनची प्लेट आडवी लावायला जातो. ती बसत नाही. बसणारच नाही. दोन स्टडांमधले अंतर २४ आहे, प्लेटला २० लागतात.

टाळा: ही प्लेट चिकटणे बंद करून रेटून बसवणे. पडद्यावर बसेल, हातात नाही.

करा: दोन्ही विटांच्या मध्ये दोन प्लेटा घाला. २४ अधिक ८ अधिक ८, झाले ४०. स्टडांमध्ये नेमके दोन स्टडांचे अंतर आले, आता एक बाय तीनची प्लेट आडवी सुखाने बसते. लेगोच्या ‘टेक्निक’ मालिकेतल्या, भोके असलेल्या विटांचे गणितही हेच. त्यांच्या भोकाचा मध्यही वरून १० एलडीयूंवर असतो, म्हणून जुन्या टेक्निक मॉडेलांत दोन विटांमध्ये दोन प्लेटा वारंवार दिसतात.

करा: प्रत्येक आडवा भाग वेगळे उपमॉडेल म्हणून सरळ, स्टड वर ठेवून बांधा, आणि मग अख्खा भाग काटकोनात फिरवून जागेवर न्या. आडवे झालेले तुकडे एकेक करून लावण्यात मान आणि वेळ दोन्ही मोडतात. ही एक युक्ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाचवते, असे माझे मत आहे.

तिरके कोन

करा: कोन खऱ्या तुकड्यांकडून घ्या. खटके असलेली बिजागरे २२.५ अंशांच्या टप्प्यांत थांबतात. टेक्निकचे आस जोडणारे कोनी तुकडे १ ते ६ अशा क्रमांकांचे असतात आणि १५७.५, १३५, ११२.५, ९० अशा कोनांत मिळतात. प्रोग्रॅममध्ये ३० अंश टाकणे सोपे, पण खटक्याचे बिजागर ३० वर थांबत नाही.

टाळा: बिजागराचा तुकडा माउसने ओढत ‘बरोबर दिसेपर्यंत’ फिरवणे. कोनाचा आकडा टाकायची सोय असते. तीच वापरा.

टेक्निकमध्ये तिरकी तुळई लावायची तर ३-४-५चा काटकोन त्रिकोण कामाचा. इथे भोके मोजायची नाहीत, भोकांमधली अंतरे मोजायची: पाच अंतरांसाठी सहा भोके लागतात. या त्रिकोणाचे कोन ३६.८७ आणि ५३.१३ अंश. ३७ टाकून भागेल असे वाटते. पण पाच स्टडांच्या टोकाला तेवढ्यानेच जवळजवळ पाव एलडीयूचा फरक पडतो, भोके समोरासमोर येत नाहीत आणि पिन टोचल्याचा इशारा मिळतो. दशांशापुढचे दोन आकडे टाकण्याचा आळस करू नका.

दातेरी चाकांबद्दल दोन शब्द. अंतर आधी ठरवा: ८ आणि २४ दात्यांची चाके एकमेकांपासून दोन स्टडांवर बसतात, ८ आणि ४० दात्यांची तीनवर, १६ आणि १६ची दोनवर. अंतर बरोबर असूनही पडद्यावर दाते दात्यांत घुसलेले दिसतात. घाबरू नका. खरी चाके आपोआप सरकून जुळतात, पडद्यावरची तशी जुळत नाहीत. एक चाक अर्ध्या दात्याने फिरवा: ८ दात्यांचे असेल तर २२.५ अंश, २४चे असेल तर ७.५.

छोटी माणसे हाताने जोडत बसू नका. त्यांचे हात तिरके लागतात आणि तो कोन जुळवणे वैतागाचे काम आहे. लिओकॅडमध्ये माणूस तयार करून देणारी वेगळी खिडकी आहे. डोके, धड, पाय निवडा, काम संपले.

पडदा ‘हो’ म्हणतो तेव्हा

टाळा: टक्कर दाखवणारा इशारा बंद ठेवून काम करणे. आणि उलटेही टाळा: इशारा आला नाही म्हणजे जोडणी चांगली, असे मानणे.

याचे नेहमीचे उदाहरण दोन स्टडांच्या मध्ये उभी खोचलेली प्लेट. शेजारच्या स्टडांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर, स्टडचा व्यास ४.८, म्हणजे मोकळी जागा ३.२. प्लेटची जाडीही ३.२. आकडे नेमके जुळतात, प्रोग्रॅम गप्प बसतो. पण खऱ्या प्लास्टिकला सुटायला जागाच उरत नाही. तुकडा घट्ट अडकतो आणि ताण घेतो. लेगोच्या अधिकृत संचांत अशी जोडणी चालत नाही. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा ताण देणाऱ्या जोडण्यांवर एक सादरीकरण केले होते, आणि विटा गंभीरपणे घेणारे लोक आजही त्याचा दाखला देतात. एलड्रॉमधली दोन बाय चारची वीट पूर्ण १६ बाय ३२ मिलिमीटर असते. कारखान्यातली मात्र १५.८ बाय ३१.८ असते, म्हणजे शेजारच्या विटेसाठी थोडी सूट ठेवलेली. पडद्याला ही सूट माहीत नसते.

करा: तरंगणारे तुकडे शोधा. शेजारी टेकलेला तुकडा जोडलेला असतोच असे नाही. स्टुडिओत स्थिरता तपासायची सोय आहे, ती दर थोड्या वेळाने वापरा.

करा: बांधायच्या क्रमाचा विचार करा. चारही बाजूंनी बंद खोलीच्या मध्यात टाइल, म्हणजे स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, बसवणे पडद्यावर सहज जमते. हातांना तिथे जायला वाट नसते. टप्पे पाडत चला आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा: हा तुकडा खरेच इथून आत जाईल का? वरून दाबायला जागा आहे का? खाली आधार आहे का? शेवटचा प्रश्न पुलांच्या आणि छतांच्या वेळी विसरला जातो.

टाळा: गुरुत्वाकर्षण नाही म्हणून खुशीत राहणे. एका स्टडवर लोंबणारे पंधरा स्टडांचे छत पडद्यावर मजेत राहते.

थोडक्यात आणखी

करा: मोठे काम करण्याआधी वेगळ्या नावाने फाइल साठवा. कंटाळवाणा सल्ला आहे, पण न पाळणारा पस्तावतो.

करा: एक गोष्ट चार ठिकाणी असेल, उदाहरणार्थ खिडकी, तर ती एकदाच उपमॉडेल करा आणि चार वेळा ठेवा. दुरुस्ती एकाच जागी होते.

टाळा: पहिलेच मॉडेल म्हणून रायगड घेणे. दोन बाय चारच्या सहा विटा घ्या, त्यांच्याच वेगवेगळ्या रचना करा आणि प्रत्येक विटेचे आकडे वाचा. अशा सहा एकसारख्या विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे रचता येतात, त्यामुळे सरावाला तोटा नाही.

टाळा: तुकडा निवडताना तो त्या रंगात कधी निघाला आहे की नाही हे न बघणे. स्टुडिओ सांगतो, तुम्ही वाचले तर.

आणि तुकडे मागवायच्या आधी एक काम नक्की करा. मॉडेलमधल्या ज्या जोडणीबद्दल मनात शंका आहे, ती घरातल्या किंवा शेजारच्या मुलांच्या डब्यातल्या चार विटांनी हाताने जोडून बघा. तशा विटा मिळाल्या नाहीत, तर आधी फक्त त्या जोडणीपुरते तुकडे मागवा, बाकीची यादी नंतर.